बाग किती दिवसांची, बोट किती दिवसांचं

निफाड तालुक्यात द्राक्षवाल्याला ‘कसं काय’ असं कुणी विचारत नाही. ‘बाग किती दिवसांची झाली?’ असं विचारतात. गोड्या छाटणीचा दिवस म्हणजे शून्य. तिथून पुढे डोळे फुटणं, घड निघणं, विरळणी, मण्यात पाणी उतरणं, सगळं दिवसांत मोजायचं. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, बरोबर त्या शून्याच्या दिवशी स्वतःचं बोट छाटणीत घेतलं.

डाव्या हातात काडी, उजव्या हातात कात्री, डोकं मजुरांच्या हिशेबात. डाव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी, अंगठ्याकडच्या बाजूला कात्रीचं पातं आत गेलं. रक्त थांबलं, गावातल्या दवाखान्यात पट्टी झाली, टिटॅनसचं इंजेक्शन झालं. रात्री जेवताना त्याच्या लक्षात आलं की भाकरी मोडताना अर्ध्या बोटाला भाकरी लागतच नाही. बोट वाकत होतं, सरळ होत होतं, पण अंगठ्याकडची बाजू बधिर. ‘अर्धं बोट माझं आहे, अर्धं दुसऱ्या कुणाचं तरी लावलंय,’ असं तो फोनवर म्हणाला. दुसऱ्या दिवशी नाशिकला हाताच्या सर्जनने सांगितलं की नस कापली गेली आहे, जोडावी लागेल.

आपल्या भाषेत इथे मोठी पंचाईत आहे. रक्त वाहते तीही नस, दबल्यावर पायात कळ जाते तीही नस, आणि हात आवळल्यावर मनगटावर वर येते तो स्नायूबंधही नसच. मावशीला वाटलं रक्ताची नस कापली. ती तर शिवता येते, मग आठ दिवसांत बोट ठीक. सर्जनने तीन-तीनदा सांगितलं की ही संवेदनेची नस आहे, मज्जातंतू. केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने, भिंगातून बघत जोडायची आहे आणि जोडल्यावरही महिनोन् महिने लागतील. (येवल्याला संक्रांतीच्या तीन दिवसांत नायलॉन मांजाने बोटं कापून घेतलेल्यांच्या नसाही नायलॉननेच जोडतात. त्या मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, तरी तो मिळतो.)

ऑपरेशन झालं. हात गळ्यात अडकवून दादा घरी आला आणि मावशीने पहिल्याच संध्याकाळी मला विचारलं, ‘मला लावला तसा करंट याच्या बोटाला लावला तर नस लवकर भरून येईल का रे? तू पेपरात लिहितोस, विचार ना कुणाला.’

साधा प्रश्न होता. उत्तर शोधायला मला वर्ष लागलं.

मावशीला करंट लावला होता त्याच्या आदल्या हिवाळ्यात. सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कडेतून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा डोळा मिटत नाही. शेजारणीने निदान केलं, तोंडावरून वारं गेलं. घरात रडारड. नशिबाने डॉक्टर सावध होते. त्यांनी हात वर करून पाहायला लावले, कपाळाला आठ्या घालायला लावल्या. आठ्याही उजवीकडे पडेनात, तेव्हा ते म्हणाले, हा मेंदूतला झटका दिसत नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. डोळ्याला थेंब आणि रात्री पट्टी. याला बेल्स पाल्सी म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या चार्ल्स बेल या स्कॉटिश सर्जनच्या नावावरून.

मग कुणीतरी सांगितलं की नाशिकला करंट लावून घ्या. मावशी तीन आठवडे एसटीने गेली. मीही दोनदा बरोबर होतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं पॅड मानेमागे, आणि हातात पेनासारखं इलेक्ट्रोड घेऊन फिजिओथेरपिस्ट मॅडम तिच्या चेहऱ्यावर एकेक जागा शोधायच्या. कपाळावर टेकवलं की भुवई उडायची, गालावर टेकवलं की ओठ. आधी त्यांनी विचारलं होतं, छातीत पेसमेकर वगैरे नाही ना? मावशी म्हणाली, ‘नाही हो, फक्त मंगळसूत्र आहे.’ तेही काढायला लावलं.

ते पेन एखाद्या ठरावीक ठिपक्यावर टेकवलं की तेवढाच स्नायू उडतो, हे दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये द्यूशेन नावाच्या डॉक्टरने शोधलं. एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला विजेच्या कांड्या लावून त्याने हसू, भीती, राग एकेक करून उमटवले आणि त्यांचे फोटो १८६२ साली छापले. डार्विनने पुढे भावनांवरच्या आपल्या पुस्तकात त्यातले काही वापरले. मावशीच्या गालावरचे ते ठिपके द्यूशेनच्या नकाशातले. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मेल्याने त्या म्हाताऱ्याला विचारलं होतं का आधी?’

खरं तर या सगळ्या विद्येचा पत्ता नाशिकचाच आहे. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ साली स्थापन झालेलं. राज्यभरातल्या डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य, परिचारिका यांच्या पदव्या तिथून मिळतात, तशी फिजिओथेरपीचीही. त्या अभ्यासक्रमात इलेक्ट्रोथेरपी हा विषय असतो. म्हणजे कोल्हापूरची मुलगी असो की नांदेडचा मुलगा, स्नायूला किती मिलिसेकंदांचा करंट द्यायचा हे त्यांनी नाशिकच्या परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. राज्यात या शिक्षणाची सुरुवात मुंबईची. १९५०च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथीनंतर, केईएम रुग्णालयात देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय निघालं. लुळे पडलेले हजारो पाय हे त्याचं कारण.

आणि त्या परीक्षेत दोन मेलेली माणसं अजून जिवंत आहेत. करंटचे दोन मुख्य प्रकार मुलांना घोकावे लागतात, गॅल्व्हॅनिक आणि फॅरेडिक. पहिला बोलोन्याच्या लुईजी गॅल्व्हानीचा, ज्याने १७९१ साली मेलेल्या बेडकाचा पाय धातूच्या स्पर्शाने उडतो असं छापलं. दुसरा मायकेल फॅरेडेचा, ज्याने १८३१ साली दाखवलं की चुंबक हलवला की तारेत वीज येते. यंत्रं आता इलेक्ट्रॉनिक झाली, फॅरेडेची गुंडाळी त्यात उरली नाही, नाव मात्र तेच. फरक असा की फॅरेडिक करंटचे धक्के अगदी आखूड, मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी. नस शाबूत असेल तर ती एवढ्यावर जागी होते आणि स्नायूला हलवते. नस मेलेली असेल तर स्नायू स्वतः फार मंद असतो. त्याला शंभर-शंभर मिलिसेकंदांचा लांब धक्का लागतो, तो गॅल्व्हॅनिक. त्यामुळे कुठला धक्का लागू पडतो यावरून नस कितपत जिवंत आहे हेही कळतं. अनुभवी हात मशीनचं बटण फिरवतानाच अर्धं निदान करून टाकतात.

तिसऱ्या आठवड्यात मावशीचा ओठ हलला. दोन महिन्यांत ती पूर्ववत हसायला लागली. घरात ठराव पास झाला की करंटने बरं वाटलं.

मी त्या ठरावाला तेव्हा अनुमोदन दिलं होतं. आता ते मागे घेतो. बेल्स पाल्सीवर कोपनहेगनच्या पाइटर्सन या डॉक्टरने हजाराहून अधिक रुग्णांना काहीही उपचार न देता वर्षभर पाहिलं. सुमारे सत्तर टक्के लोक आपोआप पूर्ण बरे झाले, आणि पंच्याऐंशी टक्क्यांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांच्या आत थोडी का होईना हालचाल आली. मावशीचा ओठ हलला तोही तिसऱ्याच आठवड्यात. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या चाचणीत, जी २००७ साली प्रसिद्ध झाली, पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी ९४ टक्के पूर्ण बरे होते, न दिलेल्यांपैकी ८२ टक्के. म्हणजे मावशीच्या बाजूने खरं वजन पडलं ते त्या दिवशीच्या गोळीचं. विजेच्या उपचाराचे प्रयोग २०११ साली कॉक्रेनच्या समीक्षकांनी एकत्र तपासले तेव्हा फायद्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही, नुकसानीचाही नाही. चेहरा आरशात पाहून हळूहळू हलवायचे व्यायाम मॅडमनी दिले होते, त्यांच्या बाजूने थोडं अधिक बोलता येतं. पण ते घरी फुकट करायचे होते, त्यामुळे श्रेय यंत्राला गेलं. तीन आठवडे एसटीचे धक्के खाऊन मिळालेली गोष्ट निसर्गाने अशीच दिली असती, हे कबूल करणं माणसाला जड जातं. मला ते समजतं.

यात मॅडमची लबाडी नव्हती. त्यांनी कधीच म्हटलं नाही की करंटने नस वाढते. स्नायू सुकू नये, त्याला हलायची आठवण राहावी, एवढाच त्यांचा दावा. नस वाढते हे आपण घरी जाईपर्यंत वाटेत जोडलं.

मग नस वाढते कशी? इथे दादाच्या बोटाकडे यावं लागेल.

१८५० साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेतल्या नसा कापून पाहिलं की कापलेल्या जागेच्या पुढचा भाग काही दिवसांत आपला आपण विरघळून जातो. कारण तंतूचा जीव, त्याची पेशी, दूर मागे असते. दादाच्या बोटाच्या त्या नसेची पेशी मानेजवळ, मणक्याच्या कडेला आहे. तिथून निघालेला एकच तंतू सलग बोटाच्या टोकापर्यंत येतो. कात्रीने तो तोडला की पुढची सगळी वायर मेली. उरते ती फक्त नळी, आतून रिकामी. सर्जन शिवतो ती नळी. ठिबकची लॅटरल मधून कापली आणि जोडणी टाकली तर नळी जोडली जाते, पण पाणी टाकीकडूनच पुन्हा यायला हवं, तसं. फक्त इथे नळी एक नाही, शेकडो, आणि मागून येणाऱ्या कोंबाला कुठल्या नळीत शिरायचं ते दाखवणारं कुणी नाही. उष्णतेचा तंतू स्पर्शाच्या नळीत शिरला तर तो वाढेल, पण मेंदूला चुकीचा निरोप नेईल.

आणि वेग? दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गोगलगायीलाही लाज वाटावी असा.

हा आकडा एकदा हातात आला की सगळं गणित पाटीवर मांडता येतं. बोटाच्या मुळापासून टोकापर्यंत आठ सेंटीमीटर, म्हणजे ऐंशी दिवस, शिवाय सुरुवातीचे तीन-चार आठवडे वेगळे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कोपराशी नस कापली गेली तर हातातल्या बारीक स्नायूंपर्यंत वर्ष. मुंबई-आग्रा महामार्गावर मोटरसायकलवरून पडून खांद्याशी नसांचा जुडगा तुटला तर पंज्यापर्यंत सत्तर सेंटीमीटर, दोन वर्षं. पण स्नायू दोन वर्षं थांबत नाही. वर्ष-दीड वर्ष निरोप आला नाही की स्नायू आणि नस यांना जोडणारी जागाच मोडून जाते, स्नायूच्या जागी चरबी नि दोरखंड उरतो. नस पोचते तेव्हा घर बंद झालेलं असतं. खांद्याच्या जखमांचे डॉक्टर इतके उतावीळ का असतात, ते यातून कळतं. स्नायूचं घर चालू ठेवायला करंट उपयोगी पडतो का? व्हिएन्नात हेल्मुट केर्न यांच्या गटाने पायातून नसा पूर्ण गेलेल्या माणसांच्या मांड्यांना मोठमोठी पॅडं लावून, घरीच, आठवड्यातून पाच दिवस, दोन वर्षं करंट दिला आणि स्नायू खरंच वाढले. हे ऐकून कुणी आपल्या गल्लीतल्या दहा मिनिटांच्या सीटिंगकडे पाहू नये.

मज्जातंतूंचं बहुतेक शास्त्र युद्धांनी शिकवलं, ही एक कडवट गंमत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून आलेले जखमी आपल्या देवळालीच्या लष्करी रुग्णालयांत पडून होते. तशा कितीतरी रुग्णालयांत हातपाय शाबूत पण लुळे असलेले सैनिक होते. नस वाढतेय की नाही, हे उघडून न पाहता कसं ओळखायचं? १९१५ साली जर्मनीच्या पाउल होफमानने आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या ज्यूल टिनेलने, समोरासमोरच्या खंदकांतल्या दोन देशांत, एकच उपाय छापला: नसेच्या वाटेवर बोटाने हलकेच टिचक्या मारा. जिथपर्यंत कोंब पोचलेत, तिथे मुंग्या येतील. त्यापुढे काही नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मारा, मुंग्यांची जागा पुढे सरकली तर नस येते आहे.

दादाला हे सर्जनने शिकवलं आणि त्याला छंदच लागला. रविवारी संध्याकाळी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बोटावर टिचक्या, मुंग्या जिथे थांबतील तिथे बॉलपेनची रेघ, आणि रेघेजवळ तारीख. ‘बाग तीस दिवसांची, बोट अजून पहिल्या पेरावर,’ असा निरोप मला व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, फोटोसकट.

आता मावशीचा प्रश्न. कापलेल्या नसेला करंट लावला तर ती लवकर येते का?

येते, असं म्हणायला जागा आहे. फक्त तो करंट वेगळा, आणि वेळ अगदी ठरलेली. कॅनडातल्या एडमंटनला टेसा गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मांडीतली नस कापून जोडली आणि जोडल्याबरोबर तिला सेकंदाला वीस वेळा अशा हलक्या धक्क्यांचा करंट दिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पंचवीस मिलिमीटरचं अंतर सगळ्या तंतूंनी एरवी आठ ते दहा आठवड्यांत गाठलं, करंट दिलेल्यांनी तीन आठवड्यांत. शिवाय योग्य नळीत शिरणाऱ्यांचं प्रमाणही सुधारलं. पण चकित करणारी बाब पुढची आहे. दोन आठवडे करंट दिला काय आणि फक्त एक तास दिला काय, फळ सारखंच. आणि करंटचा निरोप मागे, पेशीच्या दिशेने, जाऊच नये असा औषधाने बांध घातला, तर फळ शून्य.

म्हणजे करंट जखमेवर काम करतच नव्हता. तो मागे मानेकडे, कमरेकडे हाक मारत होता: तुझं टोक तुटलंय, कामाला लाग. हाक पोचली की पेशीत वाढीची प्रथिनं तयार होऊ लागतात. हाक एकदा पुरते.

आणखी एक बारकावा अमेरिकेतल्या टॉमस ब्रशार्ट यांनी २००२ साली दाखवला, मला तर यातला सगळ्यात मोलाचा वाटतो. करंटने नसेचा वेग वाढत नाही. दिवसाला मिलिमीटर तो मिलिमीटरच. वाढतं ते एवढंच की टाक्याची जागा ओलांडायला तंतू एरवी जो घोळ घालतात, कुणी आज निघतो, कुणी तीन आठवड्यांनी, तो कमी होतो आणि सगळे जवळजवळ एकदम निघतात.

हे मी दादाला सांगत होतो बागेत उभं राहून. तो हसला आणि म्हणाला, ‘मग हे डॉरमेक्सच झालं की!’

द्राक्ष न पिकवणाऱ्यांसाठी: छाटणीनंतर काडीवरचे डोळे आपापल्या मर्जीने फुटतात, वरचा आधी, खालचा नंतर. मग घड पुढेमागे होतात आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. म्हणून छाटणीनंतर एक-दोन दिवसांत हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण डोळ्यांना लावतात, पेस्टिंग म्हणतात त्याला. हातमोजे घालून, कारण ते विषारी. त्याने वेल भराभर वाढत नाही. डोळे एकसारखे फुटतात. आणि ते एकदाच, छाटणीलगत लावायचं असतं. महिन्याने लावलं तर कोवळी फूटच जाळेल.

मी किती कागद वाचले होते, आणि ही उपमा पाणी सोडता सोडता त्याला सुचली.

माणसांवर हे झालंय का? झालंय, थोडंसं. एडमंटनलाच मनगटात नस दबलेल्यांवर २०१० साली, बोटाची नस कापलेल्या ३६ जणांवर २०१५ साली, कोपरात नस दबलेल्यांवर २०२० साली चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ऑपरेशन झालं की बारीक तारा नसेजवळ ठेवून तासभर करंट, मग तारा काढून टाकायच्या. बोटांच्या चाचणीत सहा महिन्यांनी स्पर्शाची जाण करंटवाल्यांत अधिक चांगली परतली. संख्या लहान आहेत, हे विसरता येणार नाही, आणि नेहमीच्या शस्त्रक्रियेचा भाग म्हणून हे अजून रुळलेलं नाही. पण दिशा स्पष्ट आहे. लोकांना माहीत असलेल्या करंटच्या मागे पुरावा विरळ, आणि ज्याच्या मागे पुरावा साचतोय त्या एका तासाचं नाव रुग्णांच्या बाकावर कुणी ऐकलेलं नाही.

दादाचा तो तास टळून गेला होता. वरून आता पॅड लावून काय हलवणार? बोटात तर स्नायूच नसतात. ते हलतं ते हातातल्या स्नायूंनी, दोऱ्यांनी ओढलेल्या कठपुतळीसारखं. मावशीला हे पटायला वेळ लागला. ‘मग माझ्या गालाला लावला तो?’ ‘तिथे स्नायू होते, मावशी.’ ‘म्हणजे याला काहीच करायचं नाही?’

करायचं होतं. हाताच्या थेरपिस्ट ताईंनी एक ताट सांगितलं. ताटात बाजरी, मूग, कापूस, काथ्या, खडीसाखर. डोळे मिटून तर्जनीने ओळखायचं. कारण तंतू चुकीच्या नळीतून आला तरी मेंदूला नव्या निरोपाचा अर्थ शिकवता येतो. हे काम विजेविना, फुकट आणि कंटाळवाणं, त्यामुळे बहुतेक जण सोडून देतात. दादाने सोडलं नाही, कारण समोर मावशी बसायची आणि ती लबाडी पकडायची.

करंटचं झालं, आता चुंबक. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, काही वर्षांपूर्वी चुंबकीय गादी घेतली होती, साखळी पद्धतीने विकणाऱ्या एका कंपनीची, किंमत सांगितली तर अजून मावशी उठून जाते. मागच्या खोलीत ती आता कांद्याच्या गोण्यांखाली आहे. त्या गादीत आणि दवाखान्यातल्या चुंबकीय यंत्रात तोच फरक, जो फॅरेडेने दोन शतकांपूर्वी सांगितला. स्थिर चुंबक वीज निर्माण करत नाही. बदलणारं चुंबकीय क्षेत्र करतं. गादीतला चुंबक रात्रभर निपचित पडलेला असतो, तुमच्याइतकाच. शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली डोक्यावर गुंडाळी धरून तिच्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला, तेव्हा कवटी न उघडता मेंदूत बारीक करंट उमटला आणि माणसाचा हात उडाला. ते तंत्र आज नैराश्यावर वापरतात, पक्षाघातानंतरच्या हातावर त्याचे निकाल मिश्र आहेत. नस उगवण्याशी त्याचा संबंध अजून सैल आहे.

हाडाचं मात्र वेगळं. जपानमध्ये इवाओ यासुदा आणि एइइची फुकादा यांनी १९५७ साली दाखवलं की कोरड्या हाडावर दाब दिला की त्यात वीज उमटते. ओल्या, जिवंत हाडात तिचं कारण बरंचसं आतल्या खारट पाण्याची हालचाल असावी असं पुढे दिसलं, पण कल्पना रुजली: भार पडतो तिथे हाड भरतं, कारण तिथे वीज बोलते. मग न जुळणाऱ्या हाडाला बाहेरून वीज का देऊ नये? न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बॅसेट यांनी प्लास्टरवर गुंडाळ्या बसवून धडधडतं चुंबकीय क्षेत्र दिलं आणि १९७९ साली अमेरिकेने अशा यंत्राला परवानगी दिली. २०१६ साली पंधरा चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा हाड न जुळण्याचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी झालेला दिसला. त्याआधी ऑस्ट्रेलियात नडगीच्या ताज्या फ्रॅक्चरवर मोठी चाचणी झाली होती, तिच्यात मात्र काहीच फरक पडला नव्हता. रॉड टाकलेल्या, सिगारेट न सोडणाऱ्या, साखर न सांभाळणाऱ्या माणसाला गुंडाळी वाचवेल असं समजू नये.

आणि शरीराला वीज बाहेरून द्यायची गरजच का, ते स्वतःच लहानसं एकलहरे वीजकेंद्र आहे. जर्मन शास्त्रज्ञ दु बुआ-रेमों यांनी १८४०च्या दशकात स्वतःच्या बोटाला चीर पाडून, मिठाच्या पाण्यात बुडवून, जखमेतून प्रवाह निघतो हे मोजलं. आपली कातडी सोडियमचे कण आत ओढत राहते, त्यामुळे आत-बाहेर एक छोटी बॅटरी बनलेली असते. चीर पडली की तिथे शॉर्ट होतो आणि जखमेच्या कडेला दर मिलिमीटरला शंभर मिलिव्होल्टच्या आसपास क्षेत्र उभं राहतं. कडेच्या पेशी त्या क्षेत्राच्या दिशेने सरकतात. २००६ साली मिन झाओ यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की क्षेत्र उलटं केलं तर पेशी जखमेपासून दूर पळतात. जास्त दिवस चिघळणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमांवर बारीक करंट उपयोगी पडतो, याला बऱ्यापैकी आधार आहे, तो या कारणाने.

अमेरिकेतला हाडांचा डॉक्टर रॉबर्ट बेकर इथूनच वेडावला. सॅलमँडरचा पाय तोडला की पुन्हा उगवतो, तुटल्या जागी विजेची दिशा बेडकापेक्षा वेगळी असते, मग माणसाचा पाय का नाही? १९७२ साली त्याने उंदराच्या तुटक्या पायाला करंट देऊन थोडी वाढ मिळवली. थोडीच. पाल शेपूट टाकून पळते आणि महिन्याभरात नवीन घेऊन येते, हे आपण लहानपणापासून पाहतो, पण त्या नव्या शेपटीत मणके नसतात, नुसती कूर्चेची नळी असते, हे कुणी सांगत नाही. कण्याच्या जखमेवरच्या बातम्या वाचतानाही हे लक्षात ठेवलेलं बरं. केंटकीत २०११ साली आणि स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली कण्यावर इलेक्ट्रोड बसवून लुळी माणसं उभी राहिली, पावलं टाकू लागली. तिथे नस उगवली नव्हती. उरलेल्या, झोपी गेलेल्या तंतूंना मोठ्याने हाक मारली गेली होती. हेही कमी नाही. पण उगवणं वेगळं.

फेब्रुवारीत मी गेलो तेव्हा बाग एकशे बारा दिवसांची होती. पाणी उतरून मणी पारदर्शक झाले होते, व्यापारी साखर मोजून गेला होता. दादाच्या बोटावरच्या निळ्या रेघा पुसट होत्या. शेवटची नखाच्या जरा अलीकडे. मावशीने ताट आणलं. दादाने डोळे मिटले, बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘बाजरी.’

‘राजगिरा आहे,’ मावशी म्हणाली. ‘अजून आठ दिवस.’